दुर्मीळ वनस्पतीच्या ऊती थंडीत जपून ठेवताना: ॲब्सिसिक ॲसिड कधी, किती आणि कोणत्या क्रमाने

बाटलीत छान वाढलेले कंदीलपुष्पाचे कोंब कुणीतरी सरळ फ्रिजमध्ये ठेवतं आणि दोन आठवड्यांनी विचारतं, "थंडीत तर ठेवले होते, मग मेले कसे?" हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागला आहे की शेवटी सगळी कृती एका जागी लिहून काढायची ठरवली.

उत्तर कंदीलपुष्पाच्या स्वभावात आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, जाती पावसाळ्यात उगवतात, फुलतात, आणि पाऊस सरला की वरचा वेल वाळून जातो. कंद जमिनीत झोपून राहतो. म्हणजे हे झाड झोपतं ते कोरडेपणाने, थंडीने नव्हे. चार अंश तापमान त्याच्या अनुभवातलंच नाही. कोरड पडली की वनस्पती स्वतः जे संप्रेरक तयार करते, ते ॲब्सिसिक ॲसिड. ते आधी देऊन ऊतीला झोपेकडे न्यायचं आणि मग बेताची थंडी द्यायची, असा क्रम आहे. क्रम उलटा झाला की बाटल्या जातात.

खालची कृती कंदीलपुष्प डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. आकडे सुरुवातीचे समजा. प्रत्येक जातीसाठी टप्पा ५ मधली चाचणी करावीच लागते. ऊतीसंवर्धनाची, म्हणजे झाडाचे तुकडे बाटलीत निर्जंतुक वाढवण्याची, मूलभूत सवय, म्हणजे लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) हात बसलेला असणं, मी गृहीत धरलं आहे.

## सुरू करण्याआधी: कोणती साठवण हवी आहे?

दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिली मंदवाढ साठवण. कोंब जिवंत आणि हिरवे असतात, फक्त वाढ रेंगाळते. दर महिन्याला करावं लागणारं सबकल्चर, म्हणजे कोंब नव्या बाटलीत हलवणं, सहा-आठ महिन्यांवर जातं, जमलं तर वर्षावर. केळीच्या जागतिक संग्रहात, बेल्जियममधल्या लुव्हेन इथे, कोंब १६ अंशांवर मंद उजेडात ठेवतात. केळं उष्ण प्रदेशातलं, म्हणून १६. बटाटा किंवा स्ट्रॉबेरी याहून बरीच जास्त थंडी सोसते. आपलं कंदीलपुष्प केळीच्या बाजूचं आहे, हे मनात पक्कं करा.

दुसरी वाट द्रव नायट्रोजनची, उणे १९६ अंशांवर. तिथे वाढ पूर्ण थांबते. ती टप्पा ९ मध्ये आहे, पण पहिली वाट नीट जमल्याशिवाय तिकडे वळू नका. तिथली अर्धी तयारी इथलीच आहे.

## टप्पा १: परवानगी, नोंद आणि स्वच्छ मातृसाठा

दुर्मीळ झाडाला हात लावण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या, आणि जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे राज्य मंडळाकडे व गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे काय करावं लागतं ते विचारून घ्या. कंद खणून आणू नका. वाढत्या वेलाचे दोन-तीन पेरांचे तुकडे, तेही एका झाडावरून एकदाच, पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळी वाढ असते तेव्हा घ्या. फुलोऱ्यावर आलेल्या वेलाचं पेर बाटलीत नीट चालत नाही.

प्रत्येक झाडाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि तो शेवटच्या बाटलीपर्यंत चालू ठेवा. पाच झाडांचे कोंब एकत्र केले तर तुमच्याकडे संख्या राहते, पण त्या जातीतली विविधता किती राहिली हे कुणालाच सांगता येत नाही. एकाच झाडाचे हजार कोंब म्हणजे एकच झाड.

वाढवताना पेरातली कळी फुटू द्या. गाठाळ ऊती, म्हणजे कॅलस, करून त्यातून कोंब काढू नका. कॅलसमधून आलेल्या रोपांत बदल शिरण्याचा धोका जास्त असतो, आणि आपण जपायला निघालो आहोत ते मूळ झाड. म्हणून मातृसाठ्याच्या (ज्यातून पुढचे सगळे कोंब येतात त्या बाटल्यांच्या) माध्यमात, म्हणजे बाटलीतल्या पोषक आगरात, २,४-डी नको, आणि टीडीझेडही शक्यतो नको; ही दोन्ही संप्रेरकं कॅलस आणू शकतात.

तपासणी: दिसायला स्वच्छ बाटलीतही ऊतीच्या आत जिवाणू दडलेले असतात. दर दहा बाटल्यांमागे एका कोंबाचं बूड कापून न्यूट्रिअंट आगरवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) घासा आणि ३० अंशांवर आठवडाभर ठेवा. तिथे काही उगवलं तर तो साठा थंडीत नेऊ नका. थंडीत जिवाणू गप्प असतात. सहा महिन्यांनी बाटली उबेत आणली की चार दिवसांत बुडाशी दुधाळ वलय दिसतं, आणि तोवर मागे जायला साठा उरलेला नसतो.

## टप्पा २: आधी बीएपी उतरवा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, त्यामुळे इथे जरा थांबतो.

कोंब वाढवण्यासाठी आपण बीएपी वापरतो, हे सायटोकायनिन गटातलं संप्रेरक. बीएपी ऊतीला सांगतं, "फूट, वाढ." ॲब्सिसिक ॲसिड सांगतं, "थांब." दोन्ही एकाच वेळी दिलीत तर कोंब ना धड वाढतो ना धड झोपतो. बाहेरून पाहिलं तर पानं जाड, ठिसूळ, काचेसारखी दिसतात, बुडाशी गाठी येतात. अशा पाणी भरलेल्या ऊतीला थंडी सगळ्यात आधी मारते. कंदीलपुष्पात आणखी एक गोष्ट घडते. सायटोकायनिन जास्त असलं की बाटलीतच कळ्या धरतात. पाहायला सुंदर वाटतं, फोटोही निघतात, पण साठवणीसाठी तो कोंब कामाचा राहत नाही.

"मी तर साठवणीच्या माध्यमात बीएपी घातलंच नव्हतं," असं बरेच जण सांगतात. माध्यमात नसेल, पण कोंबात होतं. बीएपी ऊतीत साठतं, विशेषतः बुडाशी, आणि पुढच्या बाटलीत कोंबाबरोबर जातं. म्हणून:

१. कोंब संप्रेरकविरहित एमएस (मुराशिगे-स्कूग, ऊतीसंवर्धनातलं नेहमीचं) माध्यमावर लावा. साखर ३० ग्रॅम प्रति लिटर. चार आठवडे.

२. त्यानंतर बुडाचा गाठाळ भाग अर्धा सेंटिमीटर कापून टाका आणि वरचा कोंब पुन्हा संप्रेरकविरहित माध्यमावर लावा. आणखी तीन ते चार आठवडे.

३. या दुसऱ्या फेरीत कोंबाने साधी, पातळ, नेहमीच्या आकाराची पानं काढली पाहिजेत. काढली नाहीत तर तिसरी फेरी करा.

दोन महिने "वाया" जातात म्हणून हा टप्पा गाळला जातो. तो गाळून साठवलेल्या बाटल्यांपैकी टिकलेल्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

तपासणी: पान चिमट्याने हलकेच वाकवा. निरोगी पान वळतं. काचेरी पान कट्कन मोडतं आणि मोडल्या जागी पाण्याचा थेंब येतो. मोडणारी पानं असलेली बाटली पुढे जाणार नाही.

## टप्पा ३: ॲब्सिसिक ॲसिडचं स्टॉक

स्टॉक म्हणजे आधी करून ठेवलेलं तीव्र द्रावण. दहा मिलिग्रॅम पावडर छोट्या बीकरमध्ये घ्या. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब टाकून विरघळवा, मग ऊर्ध्वपातित पाणी घालून १० मिलिलिटर करा. आता १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम झालं. म्हणजे १ मिग्रॅ प्रति लिटर मात्रा हवी तर एक लिटर माध्यमाला १ मिलि स्टॉक, अर्धा लिटर माध्यमाला अर्धा मिलि.

हे स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून लॅमिनारमध्येच गाळा. एकेका मिलिलिटरच्या छोट्या नळ्या भरा, प्रत्येक नळी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि उणे २० अंशांवर ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची. उरलेलं परत गोठवायचं नाही.

फॉइल कशासाठी? उजेडात, विशेषतः अतिनील किरणांत, ॲब्सिसिक ॲसिडचं रूप पालटतं आणि त्याची ताकद जाते. लॅमिनारचा यूव्ही दिवा चालू असताना आत स्टॉकची नळी उघडी राहिलेली मी पाहिली आहे. त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या प्रत्यक्षात संप्रेरकाशिवाय होत्या आणि आठ महिने कुणाला कळलं नाही.

बाटलीवरचं लेबलही वाचा. "प्लस-मायनस" लिहिलेलं असेल तर त्यात नैसर्गिक रूप निम्मंच आहे. नुसतं "प्लस" लिहिलेलं असेल तर सगळं नैसर्गिक रूप. कंपनी किंवा प्रकार बदलला की जुनी मात्रा डोळे मिटून वापरू नका.

सावध: मिलिग्रॅम आणि मायक्रोमोलर यांची गल्लत करू नका. ॲब्सिसिक ॲसिडचं १ मिग्रॅ प्रति लिटर म्हणजे साधारण ३.८ मायक्रोमोलर. कुठे "५ मायक्रोमोलर" वाचलं आणि ५ मिग्रॅ घातलं तर मात्रा जवळजवळ चौपट होते. पानं पिवळी पडून गळतात आणि दोष थंडीला दिला जातो. बीएपीचं १ मिग्रॅ म्हणजे ४.४ मायक्रोमोलर. प्रत्येक संप्रेरकाचा रेणुभार वेगळा, म्हणून गुणक वेगळा. हे आकडे कागदावर लिहून तराजूजवळ चिकटवा.

## टप्पा ४: साठवणीचं माध्यम

अर्ध्या ताकदीचं एमएस, साखर ३० ग्रॅम, आगर ८ ग्रॅम प्रति लिटर, सामू ५.८. आगर नेहमीपेक्षा किंचित घट्ट ठेवायचं, त्याने काचेरीपणा कमी होतो. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा.

ॲब्सिसिक ॲसिड ऑटोक्लेव्हनंतर घाला. उष्णतेत त्याचा काही भाग वाया जाऊ शकतो, आणि किती गेला हे कळायला मार्ग नसतो. माध्यम ५० ते ५५ अंशांवर आलं की, म्हणजे फ्लास्क तळव्याला जेमतेम सोसवू लागला की, लॅमिनारमध्ये मोजलेलं स्टॉक घाला, फ्लास्क गोल फिरवून मिसळा आणि बाटल्यांत ओता. जोरात हलवू नका, बुडबुडे राहतात. फार थंड होऊ दिलं तर आगर धरायला लागतं आणि संप्रेरक एका बाजूला राहतं.

मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचा मोह बऱ्याच जणांना होतो. २० ग्रॅम प्रति लिटर मॅनिटॉल पाणी ओढून धरतं आणि वाढ मंदावते, हे खरं. पण पहिल्याच चाचणीत ॲब्सिसिक ॲसिड आणि मॅनिटॉल दोन्ही घातलंत तर कोंब कशाने टिकला, कशाने मेला, काही कळणार नाही. माझं मत: आधी ॲब्सिसिक ॲसिड एकटं. वाढ तरीही आवरत नसेल तरच मॅनिटॉल, तेही १० ग्रॅमपासून.

बाटल्या भरल्यावर आठवडाभर तशाच अंधारात ठेवा. बुरशी यायची असेल तर या आठवड्यात येते.

## टप्पा ५: छोटी चाचणी, आणि तीही आधी सामान्य जातीवर

हातात सेरोपेजिया जैनीसारखी सड्यावरची बुटकी, मोजक्या ठिकाणची जात असेल तर पहिली चाचणी तिच्यावर करू नका. सेरोपेजिया हिर्सुटा ही त्यामानाने सर्रास आढळणारी जात घ्या, हात बसवा, मग दुर्मीळ जातीकडे वळा.

पाच गट करा, प्रत्येकी बारा बाटल्या:

१. ॲब्सिसिक ॲसिड नाही, २५ अंश
२. ॲब्सिसिक ॲसिड नाही, १८ अंश
३. ०.५ मिग्रॅ प्रति लिटर, १८ अंश
४. १ मिग्रॅ प्रति लिटर, १८ अंश
५. २ मिग्रॅ प्रति लिटर, १८ अंश

दर दोन महिन्यांनी प्रत्येक गटातल्या तीन बाटल्या काढून टप्पा ८ प्रमाणे जाग्या करा. आठ महिन्यांत बाराच्या बारा संपतात आणि तुमच्याकडे तुमच्या जातीचं उत्तर असतं. पहिले दोन गट नसतील तर उरलेल्या तिघांना अर्थ नाही. ते जागा अडवतात म्हणून काढून टाकले जातात, आणि मग फरक थंडीचा की संप्रेरकाचा हा वाद कायम राहतो.

## टप्पा ६: थंडीकडे पायरीपायरीने

कोंब निवडा: दुसऱ्या संप्रेरकविरहित फेरीतले, तीन ते चार आठवड्यांचे, दोन ते तीन सेंटिमीटर उंच, शेंड्याची कळी शाबूत आणि किमान दोन पेरं. कालच कापलेला कोंब नको, जखम भरलेली नसते. दोन महिने एकाच बाटलीत राहिलेलाही नको, तो आधीच उपाशी असतो.

१. कोंब साठवणीच्या माध्यमावर लावा. एका बाटलीत चारपेक्षा जास्त नको. नेहमीच्या खोलीत, २५ अंशांवर, १० ते १४ दिवस ठेवा. हा काळ ॲब्सिसिक ॲसिडचा आहे. कोंब वाढ आवरतो, पेशींमध्ये साखर साठते, आणि पाणी कमी झालं तरी पेशीचा सांगाडा सांभाळणारी प्रथिनं तयार होतात. ही तयारी उबेत होते, थंडीत नाही.

२. पुढचा आठवडा २२ अंश, उजेड निम्मा.

३. त्यापुढचा आठवडा २० अंश.

४. मग १८ अंश, मंद उजेड, दिवसाचे आठ ते दहा तास. पूर्ण अंधार करू नका. हिरवं पान महिनोन्महिने अंधारात तग धरत नाही.

१८ वर दोन महिने कोंब चांगले राहिले तर काही बाटल्या १५ वर नेऊन पाहा. त्याखाली जाण्याचं कारण मला दिसत नाही.

चार अंशांवर नेमकं काय होतं ते एकदा जवळून पाहिलं आहे म्हणून सांगतो. पाचव्या दिवशी काही दिसत नाही. आठव्या दिवशी पानाच्या कडेला एक गडद, ओलसर पट्टा येतो, तेल लागलेल्या कागदासारखा. बाटली दिव्यासमोर धरली की त्यातून उजेड आरपार येतो. बाराव्या दिवशी तो पट्टा मधल्या शिरेपर्यंत पोचतो. बाटली उबेत आणली की दोन दिवसांत ते सगळं तपकिरी होऊन खाली बसतं. पेशींची आवरणं फुटलेली असतात. मग कुठलंही संप्रेरक काही करू शकत नाही.

सावध: घरगुती फ्रिज या कामाचा नाही. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये तापमान सतत वरखाली होतं, बाटलीच्या आत पाणी सुटतं आणि कोंबावर थेंब पडतात. बीओडी इनक्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं प्रयोगशाळेचं कपाट) वापरा, आणि त्याच्या आकड्यावर विसंबू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवून वरच्या आणि खालच्या कप्प्याचं तापमान लिहा.

आणि फळं नकोत. थंड कपाटात जागा दिसली की कुणीतरी डब्यासोबत केळी-आंबे ठेवतं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन बाहेर पडतं, आणि इथिलीन हेही वनस्पतीचं संप्रेरकच आहे. त्याने पानं पिवळी पडतात, गळतात. इतकी मोजूनमापून दिलेली मात्रा दोन केळी बिघडवू शकतात. झाकणाभोवती पॅराफिल्मचे (ताणून चिकटणाऱ्या मेणसर पट्टीचे) चार-पाच वेढे देऊन बाटली बंद केली तर कोंबाचं स्वतःचं इथिलीनही आत कोंडतं. एकच वेढा पुरे.

## टप्पा ७: साठवणीतली देखरेख

पंधरा दिवसांनी एकदा, बाटली न उघडता पाहा. चार गोष्टी लिहा: शेंडा हिरवा आहे का, पानं किती गळली, बाटलीत पाणी सुटलं आहे का, बुरशी किंवा दुधाळ वलय आहे का.

खालची एक-दोन पानं पिवळी पडणं ठीक आहे, झोपेचंच लक्षण आहे. शेंडा काळा पडणं ठीक नाही. बुडाशी छोटा कंद फुगताना दिसला तर घाबरू नका, उलट जपा. अशा बाटल्या वेगळ्या काढा, त्या कोंबापेक्षा जास्त टिकतात.

लेबल पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि झाकणावर नव्हे तर बाटलीच्या अंगावर. झाकणं बदलतात. लेबलावर झाडाचा क्रमांक, माध्यमाचा क्रमांक आणि तारीख, एवढं हवंच.

वीज जाण्याची तयारी आजच करा. मे महिन्यात रात्रभर वीज गेली आणि इन्व्हर्टर फक्त दिव्यांना जोडलेला निघाला, असा प्रसंग माझ्यावर आला आहे. सकाळी कपाटात ३४ अंश होते. त्यानंतर मी कधीही सगळा साठा एका कपाटात ठेवलेला नाही. निम्मा साठा दुसऱ्या इमारतीत, शक्य असेल तर दुसऱ्या शहरातल्या संस्थेत ठेवा. आणि बाटलीतला साठा कितीही चांगला असला तरी कुंडीत आणि मूळ जागी झाडं असलीच पाहिजेत.

## टप्पा ८: जाग आणणे

साठवणीतून काढलेला कोंब सरळ भर उजेडात ठेवणं ही शेवटची मोठी चूक. महिनोन्महिने मंद उजेडात राहिलेलं पान भर उजेडात पांढरं पडतं.

१. बाटली १८ वरून २२ अंशांवर, मंद उजेडात, चार दिवस.

२. कोंब काढून बुडाचा जुना भाग कापा आणि संप्रेरकविरहित पूर्ण एमएसवर लावा. ऊतीतलं ॲब्सिसिक ॲसिड ओसरायला एक आठवडा द्या. इथे लगेच बीएपी देण्याची घाई होते. पुन्हा तेच, "थांब" आणि "फूट" एकत्र.

३. आठवड्याने ०.२ ते ०.५ मिग्रॅ बीएपी असलेल्या माध्यमावर घ्या. शेंडा तरीही हलत नसेल तर ०.१ मिग्रॅ जिबरेलिक ॲसिड (वाढ चेतवणारं संप्रेरक) द्या, तेही गाळून, ऑटोक्लेव्हनंतर. ऑटोक्लेव्हमध्ये त्याची ताकद बहुतेक जाते.

४. उजेड दहा दिवसांत हळूहळू नेहमीचा करा.

तपासणी: हिरवा आहे म्हणजे जिवंत आहे असं समजू नका. चार आठवड्यांत नवं पेर आणि नवी पानजोडी आली तरच तो कोंब "टिकला" म्हणून मोजा. बुडाशी नुसत्या गाठी आल्या तर तो टिकलेल्यांत धरू नका. वहीत दोन रकाने करा: हिरवे किती, वाढले किती. दोन्ही आकड्यांतलं अंतर पाहिलं की कृती कुठे सुटते ते कळतं.

## टप्पा ९: ज्यांना वर्षानुवर्षं ठेवायचं आहे

द्रव नायट्रोजनची सोय नाही असं वाटत असेल तर जवळच्या कृत्रिम रेतन केंद्रात विचारा. गाईंच्या वीर्याच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या पिंपात ठेवतात, तसंच पिंप इथे लागतं. नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे अशी मोठी साठवण आहे. दुर्मीळ जातीचा साठा स्वतः गोठवण्याआधी अशा संस्थेशी बोलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तरी कृती थोडक्यात:

१. टप्पा २ मधून आलेल्या कोंबांची १ ते २ मिलिमीटरची अग्रं सूक्ष्मदर्शकाखाली काढा. याहून मोठी नको, आतपर्यंत द्रावण पोचत नाही.

२. ०.३ मोलर साखर, म्हणजे लिटरला सुमारे १०३ ग्रॅम, आणि १ मिग्रॅ ॲब्सिसिक ॲसिड असलेल्या माध्यमावर तीन दिवस. इथे संप्रेरकाचं काम ऊतीला कोरडेपणासाठी तयार करणं एवढंच.

३. २ मोलर ग्लिसरॉल आणि ०.४ मोलर साखरेच्या द्रावणात २० मिनिटं.

४. पीव्हीएस-२ द्रावणात (गोठवताना ऊतीत बर्फाचे स्फटिक होऊ न देणाऱ्या), बर्फावर. १०० मिलिलिटरसाठी ग्लिसरॉल ३० ग्रॅम, इथिलीन ग्लायकॉल १५ ग्रॅम, डीएमएसओ १५ ग्रॅम, साखर १३.७ ग्रॅम, बाकी द्रव एमएस. हे द्रावण विषारी आहे. किती मिनिटं ठेवायचं हे जातीगणिक बदलतं. २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटं अशी चाचणी घ्या. कमी वेळ ठेवलं तर बर्फाने मरतं, जास्त वेळ ठेवलं तर द्रावणाने.

५. ॲल्युमिनियम फॉइलच्या अरुंद पट्टीवर पीव्हीएस-२ चे छोटे थेंब, प्रत्येक थेंबात एक अग्र, आणि पट्टी सरळ द्रव नायट्रोजनमध्ये. मग नायट्रोजनने भरलेल्या क्रायोनळीत (अतिथंडीत टिकणाऱ्या झाकणाच्या छोट्या नळीत).

६. काढताना पट्टी सरळ १.२ मोलर साखरेच्या द्रावणात, खोलीच्या तापमानाला, १५ मिनिटं. पट्टी हवेत धरून ठेवू नका. त्या काही सेकंदांत बर्फाचे स्फटिक होतात.

७. एक दिवस ०.३ मोलर साखरेवर, मग टप्पा ८ मधल्या कमी बीएपीच्या माध्यमावर. पहिला आठवडा पूर्ण अंधार.

प्रत्येक फेरीत काही अग्रं पाचवी पायरी गाळून, म्हणजे नायट्रोजनमध्ये न घालता, बाकी सगळ्या पायऱ्यांतून न्या. ती मेली तर दोष गोठवण्याचा नाही, द्रावणाचा आहे.

सावध: नायट्रोजनच्या वाफेने बंद खोलीतला प्राणवायू विस्थापित होतो आणि माणूस न कळत कोसळतो. खिडक्या उघड्या ठेवा, एकट्याने काम करू नका, तोंडावर ढाल आणि सैल चामडी हातमोजे वापरा. क्रायोनळीत नायट्रोजन असतो, त्यामुळे उबेत आणल्यावर ती फुटू शकते; काढताक्षणी झाकण सैल करा. पिंपातली पातळी दर आठवड्याला मोजपट्टीने पाहा आणि वहीत लिहा.

## टप्पा १०: बाटलीतून कुंडीत

मुळं धरण्यासाठी अर्ध्या एमएसवर ०.५ मिग्रॅ आयबीए, हे मुळं फोडणारं संप्रेरक. मुळं दोन सेंटिमीटर झाली की आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, कणभरही ठेवू नका, तिथूनच बुरशी सुरू होते. कोकोपीट, वाळू आणि लालसर मुरमाड माती सम भागांत घ्या. वरून प्लॅस्टिकची पिशवी, तिला दर दोन-तीन दिवसांनी एक छिद्र वाढवत जा. तीन आठवड्यांनी पिशवी काढा.

हे काम जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये येईल असा साठवणीचा हिशोब मागे मोजून लावा. दमट हवा फुकट मिळते आणि झाडाच्या अंगातलं वेळापत्रकही जुळतं.

नोव्हेंबरच्या आसपास वेल पिवळा पडेल आणि वाळेल. रोप मेलं समजून याच वेळी कुंड्या रिकाम्या केल्या जातात. तसं करू नका. पाणी बंद करा, कुंडी सावलीत, उंदरांपासून दूर ठेवा, क्रमांकाची पट्टी मातीत खोल खोचा, आणि वळवाचा पहिला पाऊस येईपर्यंत तिला हात लावू नका. कंद आत आहे.